बेदाण्याच्या वखारीतली फायरवॉल

तासगावच्या त्या वखारीत आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दिवाणजी कॉम्प्युटरपासून चार हात लांब उभे होते. साठीला टेकलेला माणूस, डोक्यावर टोपी, कानाला पेन. त्यांनी लांबूनच स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"मी कायबी केलेलं न्हाई," ते म्हणाले. "सकाळी मेल बघाय फोन लावला, च्या पिऊन आलो, तर हे असं."

स्क्रीनवर एक कोरी खिडकी उघडी होती आणि तिच्यात इंग्रजीत एकच ओळ होती. तुमचं दार उघडं आहे, एवढंच. कंटेनरच्या कागदपत्रांचा सगळा फोल्डर गायब होता. इन्व्हॉइस, पॅकिंगची यादी, तपासणीचे अहवाल, काहीच उरलं नव्हतं. दिवाणजींना ती ओळ वाचता येत होती. म्हणूनच ते जवळ येत नव्हते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मूळचा साताऱ्याचा, सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि तिथंच राहिलो. वर्गातल्याच एका मित्राबरोबर विश्रामबागला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तो आटपाडीकडचा. वडील मेंढरं राखायचे, चुलते गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळायच्या कामाला, कुठल्या कुठल्या परमुलखात. घरी गेलो की माझे वडील मला बँकेच्या परीक्षांचे फॉर्म दाखवायचे. त्याच्या घरी असलं काही विचारत नव्हते, पण तिथली शांतता जास्त जड होती, असं तो म्हणायचा.

वखार एका बाईंची होती. मालक गेल्यावर त्यांनी बेदाण्याचा धंदा हातात घेतला आणि आखाती देशांत माल पाठवायला सुरुवात केली. सगळे त्यांना आक्का म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. त्या दिवशी आक्का स्वतः ऑफिसात आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि मी तपासत असताना माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

कारण सापडायला वेळ लागला नाही. ऑफिसातल्या चार मशिनना एकमेकांच्या फायली दिसाव्यात म्हणून कुणीतरी सगळं मोकळं ठेवलं होतं, पासवर्डशिवाय. घरातल्या घरात ते चालून गेलं असतं. पण मोडेमनं फोन लावून इंटरनेट जोडलं की तेच दार अख्ख्या जगाला उघडं व्हायचं.

"कोण होता त्यो?" आक्कांनी विचारलं.

"सांगता येणार नाही. कुठूनही असेल. सांगलीतला असेल, अमेरिकेतला असेल."

"मग परत येईल?"

मी खोटं बोललो नाही. येईल, म्हणालो.

पासवर्ड त्याच दिवशी घातले, पण तेवढ्यावर विसंबायची माझी तयारी नव्हती. मी त्यांना सांगितलं, की फोनची वायर थेट दिवाणजींच्या मशिनला न लावता आधी एका वेगळ्या मशिनला लावायची. आत काय येईल, बाहेर काय जाईल, ते मशिन ठरवेल. त्याला फायरवॉल म्हणतात.

"म्हंजी राखणदार."

"हो."

"राखणदार झोपला तर?"

"तर बाहेरचं कोणी आत येणार नाही. पण आतलंही काही बाहेर जाणार नाही."

"म्हंजी माजा धंदा बी बंद." त्या उठल्या. "न झोपणारा आना. हंगामाच्या आधी पायजे."

तसलं तयार यंत्र तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसात असायचं. आम्ही ते फक्त मासिकातल्या चित्रात पाहिलेलं. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर मात्र लिनक्स नावाची प्रणाली होती आणि त्यात फायरवॉलची सोय होती. प्रश्न मशिनचा होता. कसलं मशिन घ्यायचं, यावरून दुकानात आमचं जे सुरू झालं ते पुढं तीन महिने थांबलं नाही.

माझं म्हणणं होतं, जुनं चारशे शहाऐंशी, म्हणजे मागच्या पिढीच्या प्रोसेसरचं मशिन घ्यावं. या कामाला वेग लागत नाही, आणि ते तापत नाही, त्यामुळं त्याला पंखाही लागत नाही. मित्राला ते पटेना.

"गड्या, आक्कांच्यासमोर भंगार नेऊन ठेवायचं? उद्या बंद पडलं तर म्हनतील, पोरांनी जुनं गळ्यात मारलं. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, समदं नवं. वॉरंटी तर हाय."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जुन्या मशिनची आणखी एक अडचण मलाही माहीत होती. मोडेम ज्या सिरीयल पोर्टला लागतो, त्याची जुनी चिप वेगानं येणारी अक्षरं गाळायची. मी मान तुकवली. आम्ही नवंकोरं मशिन जोडलं आणि जानेवारीच्या शेवटी वखारीत बसवलं.

ते महिनाभरही नीट चाललं नाही. ऑफिसला पत्र्याचं छत. शेजारच्या हॉलमध्ये बायका बेदाण्याच्या काड्या काढत बसायच्या आणि त्या काड्यांचा बारीक, चिकट भुगा दिवसभर हवेत तरंगायचा. प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्यानं तो भुगा गोळा केला. फेब्रुवारीचं ऊन चढलं तसं मशिन दुपारी दुपारी गोठायला लागलं. आम्ही मोटारसायकलवरून तासगाव गाठायचो, पंखा झाडायचो, परत यायचो. दोन दिवसांनी पुन्हा फोन.

आणि मग मला ज्याची भीती होती तेच झालं. मशिन गोठलं, आम्ही दुसऱ्या कामावर मिरजेला होतो, फोनवर सापडलो नाही. दिवाणजींना मेलनं निरोप पाठवायचा होता. त्यांनी मोडेमची वायर फायरवॉलमधून उपसली आणि पूर्वीसारखी स्वतःच्या मशिनला लावली. पासवर्ड त्यांनी केव्हाच काढून टाकला होता. रोज टाइप करायचा कंटाळा.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर त्यांचं मशिन सुरूच होत नव्हतं. हार्ड डिस्कवर काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं.

दिवाणजी आतल्या खोलीत जाऊन बसले होते. आक्कांचा आवाज चढला नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, हमालांनासुद्धा, आणि ऑफिसच्या दारात उभं राहून सांगितलं, "ह्या मशिनला सोडून फोनची वायर दुसरीकडं कुनी लावली तर त्यानं घरी जायचं. दिवानजी असूद्यात न्हाईतर मी असूद्यात." मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "आन् हे मशिन पुन्ना झोपलं, तर तुमी बी घरी जायचं."

परतीच्या वाटेवर मित्र गाडी चालवत होता. माधवनगरच्या रेल्वे फाटकाजवळ गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "तुझं चारशे शहाऐंशी घेऊ." त्यात राग होता की थकवा, मला कळलं नाही. तुझं, हा शब्द मात्र लागला.

माधवनगरच्या एका गिरणीच्या ऑफिसातली जुनी मशिनं विकायला निघाली होती. जाड पत्र्याची, दोघांनी उचलावीत अशी. आत कापसाचे तंतू बसलेले. मी त्यातलं एक निवडलं ते त्याच्या पॉवर सप्लायसाठी. हातात घेतला की विटेएवढा जड लागायचा. विजेचे झटके सोसायला तो नव्यापेक्षा चांगला, याची मला खात्री होती. सिरीयल पोर्टसाठी नव्या चिपचं कार्ड वेगळं आणलं. हार्ड डिस्क काढूनच टाकली, कारण फिरणारी वस्तू आधी मरते. सगळी प्रणाली एका फ्लॉपीवर बसवली. चालू होताना मशिन ती एकदा वाचणार, मग सगळं मेमरीत. फ्लॉपीची खिट्टी सरकवून तिच्यावर लिहिणं बंद केलं, म्हणजे कोणी आत घुसला तरी मूळ प्रत त्याला बदलता येणार नाही. दिवाणजींच्या मशिनकडं जाणारी वायर ज्याला लागते ते नेटवर्क कार्ड मात्र मिळालं ते घेतलं. कोल्हापुरातून आणलेलं, बिनानावाचं, हिरव्या डबीतलं. कार्डाबद्दल आमच्यात वाद झाला नाही, कारण दोघांनाही ती किरकोळ गोष्ट वाटली.

विश्रामबागच्या दुकानात ते मशिन आठवडाभर अखंड चालवलं. मी मुद्दाम मेन स्विच पाडून बघितला. उन्हात ठेवून बघितलं. हललं नाही. तासगावला नेलं तर तिथंही मार्च निघून गेला आणि फोन आला नाही. मी रात्री नीट झोपायला लागलो. मित्र मात्र दुकानातला फोन वाजला की माझ्याआधी उचलायचा आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून बोलायचा.

एप्रिलमध्ये, हंगामातल्या पहिल्या कंटेनरचं जहाज सुटायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मशिन झोपलं.

आम्ही तिथंच होतो हे नशीब. आक्कांनी बोलावून घेतलं होतं, कारण तो दिवस चुकून चालणार नव्हता. माल मुंबईच्या बंदरात पोचला होता. आखातातल्या घेणाऱ्या पार्टीनं कागदपत्रांतला काही मजकूर बदलून मागितला होता. नेमका काय, ते त्यांनी मेलनं कळवलं होतं. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा, त्यामुळं तिकडं फोन उचलायला कोणी नाही. मेल उघडायची, कागद दुरुस्त करायचे आणि मुंबईच्या एजंटाला फॅक्स करायचे, त्याचं ऑफिस बंद व्हायच्या आत. जहाज दुसऱ्या दिवशी सुटणार होतं.

जेवणं झाल्यावर दिवाणजींनी मेल बघायला घेतली. नाही. पुन्हा घेतली. नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं पाहिलं.

मी मशिनला मॉनिटर लावला. मशिन जागं होतं. फोनही लागत होता. पण नेटवर्क कार्ड त्याला दिसतच नव्हतं, जणू कार्ड कधी बसवलंच नव्हतं. बंद करून चालू केलं. फ्लॉपी खरखरत वाचली गेली, कार्ड सापडलं, दिवाणजींच्या मशिनवर मेलचं चक्र फिरायला लागलं, आणि मधेच थांबलं. कार्ड पुन्हा गायब.

"वायर बघ," मित्र म्हणाला. मी वायर बघितली, दोन्ही टोकांची टोपणं बघितली. ठीक होती. कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं. चाललं, आणि गेलं.

आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "झोपलं?"

"झोपलं," मी म्हणालो.

मित्र माझ्या कानाशी आला. "दोन मिनिटं मोडेम सरळ जोडू. मेल उतरवू, काढून टाकू. दोन मिनिटांत कोन येतोय?"

"मागच्या वेळी किती मिनिटं लागली, माहीत आहे तुला?"

"आरं, जहाज चाललंय! तुझ्या तत्त्वापायी त्यांचा माल बंदरात कुजवायचा हाय का?"

हे तो मोठ्यांदा बोलला. हॉलमधल्या बायकांचे हात थांबले. तो बरोबर असू शकत होता. दोन मिनिटांत काही झालंही नसतं. पण दिवाणजींच्या मशिनवर त्या कंटेनरचे सगळे कागद होते, पुन्हा टाइप केलेले, आणि ते गेले असते तर मेल मिळूनही उपयोग नव्हता.

"आक्का," मी म्हणालो, "सरळ जोडायचं की नाही, तुम्ही सांगा. धोका आहे. कमी आहे, पण आहे."

आक्कांनी मित्राकडं पाहिलं, मग दिवाणजींकडं. दिवाणजी मान हलवत होते, नको नको, लहान मुलासारखे.

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "माजा शब्द हाय त्यो. मी बी घरी जायाची न्हाई आन् तुमी बी. दुसरीकडनं मेल बघता येती का?"

सांगलीतून बघता आली असती. आमच्या दुकानाला कुलूप होतं, कारण आम्ही दोघंही इथंच. कोणीतरी गाडीवरून जायचं, मेल छापायची, तिथूनच फोनवर मजकूर सांगायचा. सांगलीला दुपारच्या वेळी इंटरनेटची लाइन लागेल याची खात्री नव्हती. पण दुसरी वाट नव्हती.

"मी जातो," मित्र म्हणाला. त्यानं किल्ली घेतली. दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "त्ये कार्ड दे. दुकानात दुसरं हाय का बघतो, तसलंच आनतो."

मी कार्ड उपसून त्याच्या हातात दिलं. तो ते घेऊन बाहेर पडला, उन्हात, आणि पायरीवरच थांबला. किती तरी वेळ तो कार्डाची कडा डोळ्यांजवळ धरून उभा होता. जा ना, मला ओरडावंसं वाटत होतं, जा!

"हिकडं ये," तो म्हणाला.

कार्डाच्या कडेला पट्ट्या असतात, खाचेत बसणाऱ्या, सोनेरी. त्या सोनेरी नव्हत्या. काळ्या पडल्या होत्या, तव्याच्या बुडासारख्या.

"हे सोनं न्हाई," तो म्हणाला. "चुलते दिवाळीला आले की आमाला असले तुकडे दाखवायचे, वळखा म्हनायचे. मुलामा असता तर असा काळा पडला नसता. आन् हे..." त्यानं नाक वर केलं. "वास येतोय बघ."

वास मला सकाळपासून येत होता. त्या आठवड्यात वाळलेल्या बेदाण्याला गंधकाची धुरी द्यायला सुरुवात झाली होती, रंग उजळावा म्हणून. ऑफिसच्या मागंच ती बंद खोली होती. आम्ही सगळे डोळे चोळत, खोकत वावरत होतो, आणि ती धुरी मशिनच्या आत जाऊन काय करत असेल हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

"दिवाणजी, खोडरबर!" मी ओरडलो.

दिवाणजींनी टेबलाचा खण उपसून जमिनीवर रिकामा केला. मित्र पायरीवर बसला, कार्ड गुडघ्यावर धरलं आणि कडा खोडायला लागला. मी खाचेत कोरडा ब्रश फिरवत होतो. तसंच मेमरीच्या पट्ट्या काढल्या, त्यांच्याही कडा मळल्या होत्या, त्या पुसल्या. आक्कांनी हाक मारून धुरीची खोली बंद करवली आणि मागची खिडकी स्वतः लावली.

कार्ड बसवलं. चालू केलं. फ्लॉपीनं इतका वेळ घेतला की ती मध्येच खराब झाली असं वाटून मी दुसरी प्रत हातात धरून बसलो. मग मोडेमनं नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा. एंगेज. तिसऱ्यांदा ती ओळखीची किंकाळी आली, खरखर आली, आणि थांबली. दिवाणजींनी बटण दाबलं. आम्ही तिघं त्यांच्या पाठीमागं उभे होतो.

मेल आली.

प्रिंटर कर्र कर्र करत असताना आक्का खाली बसल्या. खुर्चीवर नव्हे, बेदाण्याच्या रिकाम्या पेटीवर. दिवाणजींनी बदल वाचून दाखवले आणि मित्रानं ते कागदांत टाइप केले. फॅक्स गेला. थोड्या वेळानं मुंबईहून एजंटाचा फोन आला, सगळं पोचलं म्हणून. आक्कांनी फोन ठेवला आणि आम्हाला म्हणाल्या, "जेवलासा का?" आम्ही जेवलो होतो, त्यांच्यासमोरच. त्यांना ते आठवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्याला जाऊन कार्ड निवडून आणलं. मित्रानं दुकानदाराला एकेक डबी उघडायला लावली, दारात उजेडाला धरून कडा बघितल्या, दोन दुकानांतून रिकाम्या हातानं बाहेर पडला. मेमरीही तशीच निवडली. मशिन आम्ही ऑफिसातून हलवून आक्कांच्या राहत्या घराच्या पडवीत नेलं, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, आणि लांब वायर टाकली. त्यानंतर ते झोपलं नाही. आक्का कधी कधी मला बाहेरून दार वाजवणाऱ्यांची नोंद दाखवायला सांगायच्या. फोन जोडलेला असेल तेवढ्या वेळातही कोणी ना कोणी दार ढकलून बघायचं.

"इतकी मानसं?" त्या म्हणायच्या. "आन् वळखीचं एक बी न्हाई." ती पहिली ओळ कुणी लिहिली होती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मेच्या अखेरीला मित्रानं मला सांगितलं, की त्याला बंगळूरला नोकरी लागली आहे. दुकानात फोन त्या नोकरीचेच यायचे, फेब्रुवारीपासून. पंख्याचं मशिन बंद पडलं त्या दिवशी जवळपास ठरलं होतं.

"मग थांबलास का इतके दिवस?"

"माझ्या मशिननं त्यांची डिस्क गेली," तो म्हणाला. "ते तसं टाकून कसं जायचं? चालू बघितल्याशिवाय पाय निघंना."

मी त्याला म्हणालो, डिस्क तुझ्या मशिननं गेली नाही. तो हसला, पण त्याला ते पटलं नव्हतं. बसस्टँडवर मी त्याची ट्रंक वर चढवली. गाडी सुटताना त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि काहीतरी सांगितलं, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली. मग दुकानात येऊन शटर उघडलं. तासगावच्याच एका शीतगृहाच्या मालकाचा माणूस बाहेर वाट बघत उभा होता; त्यांनाही आक्कांच्यासारखा न झोपणारा राखणदार हवा होता.